नववा लागला म्हणजे झालं का?

मागच्या आठवड्यात मानेवाड्याला नात्यातल्या एका बारशाला गेले होते. बाहेरच्या खोलीत बायका घुगऱ्या वाटून राहिल्या, कूलर पूर्ण जोरात, आणि आतल्या खोलीत पाळण्याच्या बाजूलाच वाद पेटला होता. बाळ जरा आधी झालं, वजन २ किलो ६००, आणि दवाखान्यानं त्याला ४ दिवस नर्सरीत ठेवलं. बिल किती आलं ते सगळ्यांना तोंडपाठ. वकिली करणारे मामा म्हणाले, “धडधाकट पोरगं होतं, नववा लागून आठ-दहा दिवस झाले होते, याला प्रीमॅच्युअर म्हणतात का बाप्पा? लूट आहे सरळ.” त्यावर औषध कंपनीत असलेले जावई म्हणाले, “मामाजी, डॉक्टरनं ठेवलं म्हणजे ठेवलं, आपल्याला काय कळते त्यातलं?” मग आज्यांनी आपापल्या काळचे दाखले काढले. तासभर हेच चाललं, आणि त्या तासात कोणीही विचारलं नाही की बाळ नेमकं कितव्या आठवड्यात झालं. हाच वाद मी फोनवरच्या ग्रुपांत, ऑफिसच्या डब्याच्या वेळी, पार्लरमध्ये ऐकलाय. डॉक्टर चोर की डॉक्टर देव, यापुढे तो सरकतच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. ३४ आठवडे पूर्ण झाल्यापासून ३६ आठवडे ६ दिवसांपर्यंत जन्मलेलं बाळ दिसायला पूर्ण असलं तरी अपुऱ्या दिवसांचंच असतं, आणि पहिलं वर्षभर त्याला तसंच धरून चालायला पाहिजे. पण तसं धरणं म्हणजे त्याला काचेच्या पेटीत ठेवणं नाही. यातल्या बहुतेक बाळांना मशीन कमी आणि मोजमाप जास्त लागतं, म्हणजे आठवडे मोजा, दूध मोजा, ओले लंगोट मोजा, कावीळ मोजा. मामांचा राग बिलावर आहे, जावयांची श्रद्धा डॉक्टरवर आहे, बाळाकडे दोघांचंही लक्ष नाही.

मुळात घोळ शब्दाचा आहे, आणि त्यात डॉक्टरही सापडले होते. बरीच वर्षं इंग्रजीत या बाळांना “निअर टर्म” म्हणायचे, म्हणजे जवळजवळ पुऱ्या दिवसांचं. ऐकणाऱ्याला त्यातलं “पुऱ्या” तेवढं ऐकू येतं. २००५ साली अमेरिकेत तज्ज्ञांची बैठक झाली आणि त्यांनी हा शब्द टाकून द्या म्हटलं, कारण त्यानं डॉक्टर-नर्सेसचीच नजर सैल होते, त्याऐवजी “लेट प्रीटर्म” म्हणा. पुढे २०१३ मध्ये तिथल्याच प्रसूतितज्ज्ञांनी “टर्म” हा शब्दसुद्धा फोडला, ३७ आणि ३८ वा आठवडा म्हणजे अर्ली टर्म, आणि फुल टर्म ३९ पूर्ण झाल्यावरच. आपल्याकडचा “नववा लागला” हा आपला निअर टर्मच आहे. महिन्यात चार-साडेचार आठवडे असतात आणि पोटातल्या बाळासाठी शेवटचा एकेक आठवडा मोठा असतो. ३४-३५ आठवड्यांना बाळाच्या मेंदूचं वजन पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण ६५ टक्केच भरतं. नाक-डोळे-नखं सगळं तयार, म्हणून आपल्याला वाटते की आता फक्त जाडं व्हायचं राहिलंय. पण राहिलेल्या कामात मेंदूचा एक तृतीयांश आहे.

मी हे पुस्तकी बोलत नाहीये, माझी मुलगी ३५ आठवडे ५ दिवसांची. मे महिन्यातच झाली, नागपूरचा मे, बाहेर ४५. वजन २ किलो ६५०, रडली पण लगेच, रंग छान, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुट्टी. दवाखान्याचं नाव घेत नाही, त्यांनी मुद्दाम काही केलं असंही म्हणत नाही, पण निघताना कोणी एक वाक्य सांगितलं नाही की हिच्यावर जरा वेगळं लक्ष ठेवा. घरी आल्यावर सगळ्यांचं एकच, “किती शहाणी पोरगी आहे, रडतच नाही, दूध प्यायली की झोपतेच!” मीही खूश, पहिलटकरणीला रात्रीची झोप मिळून राहिली, आणखी काय पाहिजे. ती शहाणी नव्हती, थकत होती. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एका तालात जमणं साधारण ३४ आठवड्यांच्या आसपास सुरू होतं, पक्कं व्हायला आणखी वेळ जातो. असं बाळ छातीला लागतं, चार-पाच मिनिटं ओढतं आणि दमून डोळे मिटतं, आणि आपण समजतो पोट भरलं. वरून आम्ही खोलीत कूलर लावलेला, कारण उकाड्यानं बाळाला त्रास होईल म्हणून. त्वचेखालची चरबी, त्यातही अंग गरम ठेवणारी खास चरबी, शेवटच्या आठवड्यांत भरत असते, ती हिच्याकडे कमी, म्हणजे ४५ डिग्रीच्या शहरात माझी पोरगी गारठत होती. हे मला नंतर नर्सनं समजावून सांगितलं तेव्हा खरंच वाटलं नाही. गारठलं की बाळ अंगातली साखर जाळून ऊब धरतं, साखर उतरली की आणखी पेंगतं, पेंगलं की दूध कमी जातं, दूध कमी गेलं की शी कमी होते, शी कमी झाली की कावीळ बाहेर पडत नाही, आणि लिव्हर तर आधीच कच्चं. एका कडीत दुसरी कडी. पाचव्या दिवशी तळपाय पिवळे दिसले, बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, १९ च्या वर, वजन २ किलो ३५०, म्हणजे ११ टक्के कमी. दोन दिवस निळ्या लाइटखाली.

पाचवा दिवस, हे लक्षात ठेवा. पुऱ्या दिवसांच्या बाळाची कावीळ साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिगेला जाते, या बाळांची पाचव्या ते सातव्या दिवशी. म्हणजे दुसऱ्या दिवशी सुट्टी देताना बाळ गोरंगोमटं असणं याचा काही अर्थच नाही, खरी परीक्षा घरी व्हायची आहे, जिथं ट्यूबलाइटच्या उजेडात सगळे पाहुणे “बाळ आईच्या वळणावर गेलं” एवढंच पाहतात.

आता मामांच्या बाजूचं, कारण ते सगळंच चूक नाहीये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली, सरकारीत १४.३ टक्के. एवढी तफावत फक्त आयांच्या तब्येतीनं पडते असं कोण मानेल? जिथं सिझरचं असं, तिथं नर्सरीच्या काचेमागे काय होत असेल अशी शंका माणसाला येणारच, आणि येऊ द्या. गरज नसताना बाळाला आईपासून तोडणं हा नुसता पैशाचा प्रश्न नाही, त्यानं दूध उतरायला उशीर होतो, म्हणजे ज्या बाळाला दूधच सगळ्यात जास्त पाहिजे त्याचंच दूध आटवलं. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? की ३५ आठवड्यांचं बाळ नॉर्मलच होतं? मिठाईवाल्यानं वजनात मारलं म्हणून वजनकाट्याचीच गरज नाही असं आपण म्हणत नाही. मामांनी विचारायला पाहिजे होतं की पोराला कशासाठी ठेवलं, साखर किती होती, श्वास मिनिटाला किती चालत होता, दूध ओढत होतं का, आई रोज किती वेळ जवळ होती. वकील माणूस, उलटतपासणी करायची सोडून थेट निकाल देऊन मोकळा.

जावयांचं “आपल्याला काय कळते” हेही चालणार नाही. डॉक्टरांतच अजून या बाळांबद्दल एकमत व्हायचंय अशा गोष्टी आहेत. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, ३४ ते ३६ आठवड्यांत बाळंत व्हायची शक्यता असलेल्या आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाचा श्वासाचा त्रास १४.४ टक्क्यांवरून ११.६ वर आला, पण साखर उतरण्याचं प्रमाण १५ वरून २४ टक्के झालं. एक हातानं दिलं, दुसऱ्यानं घेतलं. मग द्यायचं की नाही? यावर शहाणी माणसं अजून भांडतात. तर आईबापानं दोन प्रश्न विचारले म्हणजे डॉक्टरचा अपमान झाला असं होत नाही.

आणि आज्या. आज्यांशी वाद घालणं मला जड जाते कारण माझ्या सासूबाईंनीच मला त्या दिवसांत सांभाळलं. त्यांचं म्हणणं, “आमच्या काळी हे सगळं कुठं होतं, माझा दीर आठव्यातला, पाहा कसा बैलासारखा आहे.” खरंय, दीर आहे. पण जे राहिले नाहीत त्यांचा दाखला द्यायला कोण येणार? त्यांची नावंच ठेवली गेली नव्हती. आपल्याकडे पाचवीला सटवाईची पूजा, बारा दिवसांनी बारसं, ही सगळी वाट पाहणं होती, हे पोर राहते की जाते याची वाट. आणि जुन्यांचं आठवडे-महिन्यांचं गणितही काही फार भरवशाचं नव्हतं. सातव्या महिन्यातलं बाळ जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, हे तुम्हीही ऐकलं असेल. ही समजूत फक्त आपली नाही, ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या लिखाणात तेच आहे, आणि चरकसंहितेतही आठव्या महिन्यात ओज, म्हणजे जीवनशक्ती, आई-बाळात अस्थिर असतं म्हणून तो जन्म धोक्याचा सांगितलाय. दोन हजार वर्षं दोन खंडांतली हुशार माणसं हे धरून बसली, आणि ते चूकच होतं, जितकं आधी तितका धोका जास्त, त्यात सातव्याला सूट नाही. त्याच समजुतीची दुसरी बाजू म्हणजे नववा लागला की भीती संपली.

श्रीमंती, मोठा दवाखाना, यानंही पूर्वी फरक पडत नव्हता. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, पॅट्रिक, साडेपाच आठवडे आधी, वजन २ किलो १०० च्या आसपास. आज आपल्याकडे एवढं वजन ऐकून कोणी दचकतही नाही. ३९ तासांत गेला, फुप्फुसं उघडी राहीनात म्हणून. फुप्फुसं उघडी ठेवणारा तो चिकट थर अशा बाळांत कमी असतो हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं, पण तो बाहेरून देण्याचं औषध हाती यायला आणखी वीस-पंचवीस वर्षं लागली. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाचं लेट प्रीटर्म बाळ. आता आपण म्हणतो की ही बाळं वाचतातच, काय एवढं, तेव्हा ती कशामुळे वाचायला लागली हे विसरून म्हणतो.

हो, आज्यांचं एक मात्र मान्य करते, कोवळ्या उन्हाचं. त्यात तथ्य आहे, इतकं की फोटोथेरपीचा, म्हणजे त्या निळ्या लाइटच्या उपायाचा, जन्मच त्यातून झाला, इंग्लंडमध्ये एसेक्सच्या रॉचफर्ड हॉस्पिटलात सिस्टर वॉर्ड नावाच्या नर्सला १९५६ मध्ये दिसलं की उन्हात नेलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी जिथं ऊन लागलं तिथं पिवळेपणा सोडते, आणि १९५८ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी निळ्या प्रकाशाचा उपाय छापून आणला. पण चढलेली कावीळ सकाळच्या दहा मिनिटांच्या उन्हानं उतरत नाही, आणि तीन दिवस ऊन दाखवत बसलं तर तेवढ्यात बिलिरुबिन मेंदूत शिरू शकते. तो डाग मग जन्मभर जात नाही.

सगळ्यात टोचणारा आक्षेप वेगळाच आहे आणि तो मला माझ्या एका मैत्रिणीनं ऐकवला. ती म्हणाली, तू अशानं आयांना घाबरवतेस, आधीच बाळंतीण रडून राहिली असते, त्यात “मेंदू ६५ टक्के” ऐकवलं तर तिचं काय होईल? यावर मी खूप विचार केलाय. यातली बहुतेक मुलं पुढे व्यवस्थित शिकतात, खेळतात, आईला उलटून बोलतात, माझी बोलते. हजार मुलांचा हिशोब घेतला तर बोलण्यात, शाळेच्या अभ्यासात अडचणी थोड्या जास्त दिसतात, पण तुमचं एक मूल त्यात असेलच असं मुळीच नाही. मग सांगायचं कशाला? कारण न सांगितल्यानं भीती कमी होत नाही, नुसती उशिरा येते आणि चुकीच्या जागी येते. माझी मुलगी साडेसात महिन्यांनी बसली. जावेचा मुलगा सहाव्यात बसला होता, तर घरात दीड महिना टोमणे, की आईचं दूध पातळ आहे, मालिश नीट होत नाही, डायपरमुळे झालं. तिचं वय जन्मतारखेपासून न मोजता अपेक्षित तारखेपासून मोजायचं, म्हणजे जवळजवळ महिना वजा करायचा, हे कोणी आधी सांगितलं असतं तर साडेसातचे साडेसहा झाले असते आणि माझ्या रात्री वाचल्या असत्या. दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात. फक्त लसींना हे लावू नका, त्या जन्मतारखेप्रमाणेच. आणि उलटंही आहे, महिना वजा करूनही बाळ मागे वाटलं तर “आधी झालेलं आहे, होईल हळूहळू” म्हणून वर्ष घालवायचं नाही, दाखवायचं.

आता वजनाबद्दल, कारण माझ्या मते खरी पकड तिथं आहे. १९१९ मध्ये फिनलंडच्या आर्वो इल्प्यो नावाच्या बालरोगतज्ज्ञानं अपुऱ्या दिवसांच्या बाळाची खूण म्हणून २५०० ग्रॅमची रेघ मारली, आणि ती इतकी सोयीची होती की जगानं तीच धरली, काटा सगळ्यांकडे असतो. १९६१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की बाबांनो, कमी वजन वेगळं आणि कमी दिवस वेगळे. साठ वर्षं होऊन गेली, आपण अजून “किती किलोचं झालं?” एवढंच विचारतो. कमी दिवसांचं पण अडीच किलोच्या वरचं बाळ या प्रश्नातून निसटून जातं. आईला शुगर असेल तर बाळ तीन किलोचंही असते आणि आतून कच्चंच. सरकारी योजनेतही तेच, आशाताई दवाखान्यात झालेल्या प्रत्येक बाळाकडे ४२ दिवसांत ६ वेळा येतात, चांगलं आहे, पण त्यापलीकडे खास लक्ष ठेवायच्या जादा भेटी कमी वजनाच्या आणि एसएनसीयूतून, म्हणजे आजारी नवजातांच्या सरकारी कक्षातून, सुटलेल्या बाळांसाठी. २ किलो ६५० चं, दुसऱ्या दिवशी हसतखेळत घरी गेलेलं बाळ दोन्ही याद्यांत नाही. भारतात वर्षाला सुमारे ३० लाख बाळं वेळेआधी होतात, आणि वेळेआधीच्या बाळांत बहुसंख्य याच ३४ ते ३६ वाली असतात. त्यातली किती या फटीतून जात असतील?

आणि आठवडे मोजायचे तरी कुठून? पाळीची तारीख कित्येकींना नक्की आठवत नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख पाच-सात दिवसांपलीकडे सहसा चुकत नाही, शेवटच्या महिन्यांतली तीन आठवडेही चुकू शकते. म्हणजे आठव्या महिन्यात पहिल्यांदा सोनोग्राफी केली आणि “३७ झालेत, घेऊन टाकू” म्हटलं तर आत ३४ चं बाळ असू शकते. बीपी वाढलंय, पाणी गेलंय, बाळाची वाढ थांबलीये तर आधी घ्यावंच लागतं, तिथं एक दिवस थांबणंही जिवावर बेतते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मुहूर्तासाठी, नवरा पुण्याहून सुट्टीवर आलाय म्हणून, कच्च्या तारखेवर?

हे सगळं करायला पैसा लागतो असं कोणी म्हणेल तर त्याला गडचिरोलीला पाठवा. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या “सर्च” संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं, बाळाचं वजन, ताप, श्वास, दूध, ऊब बघायला, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे आशाताईंचं घरोघरीचं काम त्याच वाटेनं उभं राहिलं. किंवा बोगोटा घ्या, कोलंबियातलं, १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथं बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या उघड्या छातीला बांधली, तेच आपलं कांगारू केअर. छाती बापाचीही चालते, हे आमच्या घरी तिसऱ्या दिवशी कळलं असतं तर बरं झालं असतं.

मग मागायचं काय, तर फार नाही. सुट्टीच्या कार्डावर आठवडे आणि दिवस ठळक लिहा. ४८ तासांच्या आत घरी पाठवू नका, आणि पाठवल्यावर एक-दोन दिवसांत परत बोलवून कावीळ-वजन बघा. नागपूरचं सरकारी मेयो, मेडिकल, डागा असो की गल्लीतलं नर्सिंग होम, आईला निघताना तोंडी सांगा की दर दोन-तीन तासांनी उठवून पाजायचं, रडायची वाट पाहायची नाही, चौथ्या-पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा तरी लंगोट ओले झाले पाहिजेत. लोहाच्या थेंबांचं विचारा, कारण आईकडून लोह मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत येतं आणि यांचा तो हप्ता बुडालेला असतो. यात एनआयसीयू, म्हणजे नवजातांचं आयसीयू, कुठं आलं? पंधरा मिनिटांचं बोलणं आहे, फक्त त्याचं बिल लावता येत नाही.

बारशाच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी बाळंतिणीजवळ बसले. ती हळूच म्हणाली, “ताई, हा खूप झोपतो हो, उठवू का पाजायला, की आई म्हणतात तसं झोपू देऊ?” मी म्हटलं उठव, आधी त्याचं तोंड कूलरच्या झोतातून बाजूला घे. मग तिची फाइल मागितली. प्लास्टिकची जाड फाइल, पहिल्याच पानावर सगळं छापील, वजन २ किलो ६००, रक्तगट, आणि जन्माची वेळ सकाळी ११ वाजून ४२ मिनिटं, त्याखाली मामांनी पत्रिकेसाठी पेनानं दोनदा रेघ मारलेली. आठवड्यांचा रकाना कोरा होता.